टास्क मॅनेजरमधलं अनोळखी नाव विंडोजचं आहे की व्हायरसचं, हे कसं ओळखायचं

कॉम्प्युटर स्लो झाला की बहुतेक जण टास्क मॅनेजर (चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी दाखवणारं विंडोजचं टूल) उघडतात आणि तिथे एवढी नावं दिसतात की त्यातली निम्मी कधी वाचलेलीसुद्धा नसतात. एसव्हीसीहोस्ट हे नाव तर एकाखाली एक पन्नास-साठ वेळा. मग कुणी घाबरून दिसेल त्याला एंड टास्क करत सुटतं, आणि कुणी "असेल काहीतरी विंडोजचं" म्हणून टास्क मॅनेजर बंद करून टाकतं. पहिल्यात चांगला चालणारा कॉम्प्युटर बंद पडतो, दुसऱ्यात खरा मालवेअर, म्हणजे व्हायरससारखा घातक प्रोग्रॅम, आत निवांत बसून राहतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण हे ओळखणं तितकं अवघड नाहीये, फक्त बघायचं कुठे ते माहीत पाहिजे.

एक गोष्ट आधीच पक्की करून टाका, प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या, नुसत्या नावावरून काहीही ठरत नाही. फाइलला नाव कुणीही काहीही देऊ शकतं, मालवेअर लिहिणाऱ्याला आपल्या फाइलचं नाव एसव्हीसीहोस्ट ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे "अमुक नावाची प्रोसेस व्हायरस आहे का" असं सर्च करून खरं उत्तर मिळतच नाही, उलट अशा सर्चमध्ये हमखास अशी पानं वर येतात जी प्रत्येक नावाला "धोकादायक असू शकते" म्हणतात आणि खाली स्वतःचा क्लीनर डाउनलोड करायला लावतात, तो क्लीनर चुकूनही घेऊ नका. खरे प्रश्न वेगळे आहेत. फाइल कुठल्या फोल्डरमधून चालतेय, तिला कुणी सुरू केलं, तिच्यावर डिजिटल सही (फाइल खरंच कुणाची आहे याची खूण) कुणाची आहे, आणि सुरू करताना तिला काय काम सांगितलं गेलंय. ही चार उत्तरं मिळाली की दहातल्या नऊ शंका तिथेच मिटतात.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून आहे. आणि नावापुढचं डॉट ईएक्सई दरवेळी लिहीत नाही, ते आहेच असं समजून वाचा.

एंड टास्क दाबायच्या आधी

घाई का करायची नाही हे आधी सांगतो. २००१ साली एक ईमेल जगभर फिरला होता की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एसयूएलएफएनबीके नावाची फाइल असेल तर तो व्हायरस आहे, लगेच डिलीट करा आणि सगळ्यांना कळवा. ती फाइल विंडोजचीच होती, लांब फाइलनावं परत मिळवायचं एक छोटं टूल. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, जेडीबीजीएमजीआर नावाच्या फाइलबद्दल तसाच ईमेल आला, तिचा आयकॉन अस्वलाचा होता म्हणून लोकांना तो अजूनच संशयास्पद वाटला, आणि तीही विंडोजबरोबर येणारी साधी फाइल होती. असंख्य लोकांनी स्वतःच्या हाताने चांगल्या फाइली उडवल्या. आणि ही चूक फक्त सामान्य माणसाकडूनच होते असं नाही, २१ एप्रिल २०१० ला मॅकअफी अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ वरचा खरा एसव्हीसीहोस्ट व्हायरस ठरवून बाजूला काढला आणि कित्येक ऑफिसांमधले कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले.

म्हणजे चुकीची फाइल मारणं हे व्हायरसइतकंच महागात पडू शकतं. सीएसआरएसएस ही विंडोजची मूळ प्रोसेस जबरदस्तीने बंद केली तर सरळ निळा स्क्रीन येतो. एलसॅस, म्हणजे लॉगिन सांभाळणारी प्रोसेस, गेली तर विंडोज स्वतःला रीस्टार्ट करतं आणि न सेव्ह केलेलं काम जातं. तेव्हा आधी ओळखा, मग हात लावा.

टास्क मॅनेजर नीट लावून घ्या

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. पहिलं पान दिसायला सोपं आहे पण कामाचं पान म्हणजे डीटेल्स. तिथे वरच्या कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करा, सिलेक्ट कॉलम्स घ्या, आणि दोन ठिकाणी टिक करा, इमेज पाथ नेम आणि कमांड लाइन. हे दोन कॉलम डिफॉल्टमध्ये बंद असतात आणि सगळी मजबूत माहिती त्यातच असते. पहिला सांगतो फाइल नेमकी कुठे आहे, दुसरा सांगतो तिला सुरू करताना काय सांगितलं. काही ओळींपुढे हे रिकामं दिसलं तर टास्क मॅनेजर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, साध्या युजरला सिस्टमच्या प्रोसेसची सगळी माहिती दिसत नाही, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

कुठल्याही ओळीवर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन केलं की तो फोल्डरच समोर उघडतो, हे पण लक्षात ठेवा.

पत्ता बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं

विंडोजच्या बहुतेक मूळ प्रोसेस सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आत सिस्टम३२ मध्ये राहतात. हा फोल्डर महत्त्वाचा का, तर तिथे काही लिहायचं म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, आणि आधीपासून असलेल्या विंडोजच्या बऱ्याच फाइली तर अ‍ॅडमिनलाही सहज बदलता येत नाहीत. तुम्ही चुकून क्लिक केलेल्या एखाद्या फाइलकडे सहसा एवढे अधिकार नसतात, म्हणून ती जिथे लिहिता येतं तिथे जाऊन बसते, म्हणजे तुमच्या युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये, टेम्पमध्ये, प्रोग्रॅमडेटामध्ये, कधी युजर्सच्या आतल्या पब्लिक फोल्डरमध्ये. त्यामुळे एसव्हीसीहोस्ट नाव आणि पत्ता अ‍ॅपडेटामधला, अशी जोडी दिसली तर पुढे विचार करायची गरजच नाही, ते खोटं आहे.

आता याचे अपवाद माहीत नसतील तर इथेच घोटाळा होतो, म्हणून ते नीट वाचा. एक्सप्लोरर, म्हणजे ज्याच्यामुळे टास्कबार आणि फोल्डर दिसतात, तो सिस्टम३२ मध्ये नसतोच, तो थेट विंडोज फोल्डरमध्ये असतो. सिसवॉव६४ नावाचा फोल्डर विचित्र वाटतो पण तो पूर्ण खरा आहे, ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिट प्रोग्रॅमसाठीच्या फाइली तिथे असतात (आणि सिस्टम३२ मध्ये ६४ बिटच्या, हो, नावं उलटीच वाटतात पण तसंच आहे). डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्टची फाइल सिस्टम३२ च्या आत डब्ल्यूबीईएम मध्ये. ट्रस्टेडइन्स्टॉलर विंडोजच्या सर्व्हिसिंग फोल्डरमध्ये. आणि डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची, मुख्य प्रोसेस, जी टास्क मॅनेजरमध्ये अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल या नावाने दिसते, ती चक्क प्रोग्रॅमडेटामधून चालते, मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज डिफेंडर, मग प्लॅटफॉर्म आणि आत व्हर्जन नंबरचा फोल्डर. ते बघून घाबरून डिफेंडरच बंद करणारे लोक आहेत, कृपा करून तसं करू नका.

उलट बाजूनेही सांभाळा. अ‍ॅपडेटामधून चालतं म्हणजे व्हायरसच, असं पण नाही. डिस्कॉर्डसारखी कितीतरी चांगली अ‍ॅप्स अ‍ॅडमिनची परवानगी न मागता इन्स्टॉल होण्यासाठी अ‍ॅपडेटामध्येच बसतात. नियम असा धरा की विंडोजचं नाव घेऊन अ‍ॅपडेटामध्ये बसलेलं खोटं, आणि अ‍ॅपचं स्वतःचं नाव घेऊन स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये बसलेलं असेल तर पुढची तपासणी करा.

पत्ता वाचताना शेवटपर्यंत वाचा. सिस्टम३२ ऐवजी नुसतं सिस्टम, किंवा थेट विंडोज फोल्डरमध्ये एसव्हीसीहोस्ट, ही जुनी युक्ती आहे. अजून एक फार लबाड प्रकार आहे, विंडोज शब्दानंतर एक स्पेस टाकून तसाच दिसणारा वेगळा फोल्डर बनवायचा आणि त्यात सिस्टम३२ नावाचा फोल्डर करायचा, डोळ्यांना फरक जवळजवळ दिसतच नाही. म्हणून शंका आली की नुसतं वाचू नका, ओपन फाइल लोकेशन करा आणि तो फोल्डर खरा सिस्टम३२ आहे का ते बघा, खऱ्यात हजारो फाइली असतात, खोट्यात दोन-चार.

स्पेलिंगचे खेळ

हे पटकन सांगतो. एसव्हीसीहोस्टमधली अक्षरं उलटसुलट केलेली, एससीव्हीहोस्ट, किंवा सी गाळून एसव्हीहोस्ट, किंवा ओ च्या जागी शून्य. एलसॅसच्या सुरुवातीचा छोटा एल आणि इंग्रजी मोठा आय बऱ्याच फॉन्टमध्ये हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून आय वापरून केलेली नक्कल फार जुनी आणि अजूनही चालणारी आहे. विनलॉगऑनच्या जागी विनलॉगइन. एक्सप्लोररमधल्या एल च्या जागी आकडा १. संशय असेल तर नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, फॉन्ट बदला, सगळं कॅपिटल अक्षरांत करून बघा, लगेच उघडं पडतं. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक आणि बाकी नाव विंडोजच्या प्रोसेससारखं, तर ते कुणीतरी मुद्दाम केलेलं आहे, सहज तसं होत नाही.

एसव्हीसीहोस्ट, ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं

एसव्हीसीहोस्ट म्हणजे सर्व्हिस होस्ट. विंडोजच्या खूपशा सर्व्हिसेस, म्हणजे मागे चालणारी कामं, अपडेट, ऑडिओ, नेटवर्क, ब्लूटूथ वगैरे, या स्वतः ईएक्सई नसतात तर डीएलएल फाइली असतात, आणि डीएलएल एकटी चालू शकत नाही, तिला चालवायला एक यजमान लागतो, तो हा. पूर्वी एकेका एसव्हीसीहोस्टमध्ये बऱ्याच सर्व्हिसेस कोंबलेल्या असायच्या, एक कोसळली की बाकीच्या पण जायच्या. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून, म्हणजे विंडोज १० चं १७०३ व्हर्जन, कॉम्प्युटरमध्ये ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिसेसना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळतो. म्हणून आता साठ-सत्तर दिसणं हे एकदम नॉर्मल आहे. संख्या बघून घाबरायचं नाही.

मग खरा कसा ओळखायचा? पत्ता सिस्टम३२ चा (क्वचित सिसवॉव६४ चा). त्याला सुरू करणारी प्रोसेस सर्व्हिसेस नावाची असते, दुसरी कुठलीही नाही. आणि कमांड लाइनमध्ये नावापुढे डॅश के आणि मग एका ग्रुपचं नाव असतं, जसं नेटएसव्हीसीएस किंवा लोकलसर्व्हिस, बऱ्याचदा पुढे डॅश एस आणि नेमक्या सर्व्हिसचं नाव पण असतं. हा कमांड लाइनचा मुद्दा फार कामाचा आहे. कारण काही मालवेअर खराच एसव्हीसीहोस्ट सुरू करतात, लगेच थांबवून ठेवतात, मेमरीतला त्याचा कोड काढून स्वतःचा भरतात आणि मग चालू करतात. अशा वेळी पत्ता बरोबर, सही बरोबर, फाइल पण खरी, पण डॅश केच नसतो, किंवा सुरू करणारा दुसराच कुणीतरी असतो. तिथेच पकडला जातो.

डीटेल्समध्ये एसव्हीसीहोस्टवर राइट क्लिक करून गो टू सर्व्हिसेस केलं की त्याच्या आत चालणाऱ्या सर्व्हिसेस हायलाइट होतात. एकही हायलाइट झाली नाही तर तिथे जरूर थांबून तपासा. जुन्या लेखांमध्ये लिहिलेलं सापडेल की एसव्हीसीहोस्ट तुमच्या युजरनेमखाली चालत असेल तर तो व्हायरसच, हे विंडोज १० पासून खरं राहिलेलं नाही, आता काही सर्व्हिसेस प्रत्येक युजरसाठी वेगळ्या चालतात आणि त्यांचा एसव्हीसीहोस्ट तुमच्याच नावाखाली दिसतो.

आणि उलट, बरोबर दिसणाऱ्या एसव्हीसीहोस्टच्या आत चुकीची डीएलएल असू शकते. २००८ मधला कॉनफिकर हा वर्म अगदी हेच करायचा, स्वतःची सर्व्हिस नोंदवून खऱ्या एसव्हीसीहोस्टच्या आत डीएलएल म्हणून बसायचा. नाव, पत्ता, पालक (म्हणजे सुरू करणारी प्रोसेस) सगळं खरं. असल्या वेळी सर्व्हिसच्या यादीत निरर्थक अक्षरांचं नाव, वर्णन रिकामं, आणि डीएलएलवर सही नाही, या खुणा दिसतात.

बाकीचा कुटुंबवृक्ष

कोण कुणाचं पोर आहे हे बघायला साधा टास्क मॅनेजर पुरत नाही. त्यासाठी प्रोसेस एक्सप्लोरर घ्या. हे सिसइंटर्नल्सचं टूल आहे, मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं आणि आता ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच फुकट मिळतं, तिथूनच घ्या, दुसऱ्या डाउनलोड साइटवरून नको. इन्स्टॉल करावं लागत नाही. ते सगळ्या प्रोसेस झाडासारख्या दाखवतं, कुणी कुणाला सुरू केलं ते.

निरोगी विंडोजमध्ये हे झाड जवळजवळ ठरलेलं असतं. सगळ्यात वर सिस्टम, तिचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, कायम ४. तिच्याखाली एसएमएसएस, एकच. ती सीएसआरएसएस, विनइनिट आणि विनलॉगऑन सुरू करून देते, म्हणजे त्यासाठी स्वतःच्या तात्पुरत्या प्रती काढते आणि त्या प्रती काम झाल्यावर निघून जातात, त्यामुळे सीएसआरएसएसला पालकच दिसत नाही, ते बरोबर आहे. सीएसआरएसएस निदान दोन असतात, एक सिस्टमची, एक तुमच्या लॉगिनची. विनइनिट एकच, आणि तिच्याखाली सर्व्हिसेस एकच आणि एलसॅस एकच. एलसॅसकडे लॉगिन आणि पासवर्डचं काम असतं म्हणून चोरांचा तिच्यावर कायम डोळा असतो, दोन एलसॅस दिसल्या तर त्यातली एक नक्की खोटी. फक्त एलएसएआयसो नावाची वेगळी प्रोसेस दिसली तर ती क्रेडेन्शियल गार्डची, म्हणजे पासवर्ड वेगळे जपून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची आहे, ती चालते. एक्सप्लोररला पण बहुतेक वेळा पालक दिसत नाही कारण त्याला सुरू करणारी युजरइनिट काम झाल्यावर बंद होते.

एक्सप्लोररच्या खाली एलसॅस किंवा एसव्हीसीहोस्ट लटकलेला दिसला तर समजायचं, कुणीतरी डबल क्लिक केलेल्या किंवा लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या फाइलने ते नाव घेतलंय.

उगाच घाबरवणारी नावं

सिस्टम आयडल प्रोसेस ९५ टक्के सीपीयू खाते असं वाटतं, ती काही खात नाही, तेवढा सीपीयू रिकामा आहे असा त्याचा अर्थ. सिस्टम इंटरप्ट्स ही प्रोसेसच नाही, हार्डवेअरकडून येणाऱ्या मागण्यांचा हिशोब आहे, ती खूप वर गेली तर ड्रायव्हर किंवा एखादं यूएसबी उपकरण तपासा. मेमरी कॉम्प्रेशन आणि रजिस्ट्री या नावांना फाइलचा पत्ताच नसतो, त्या विंडोजच्या आतल्या आहेत. टीआयवर्कर अपडेटनंतर बराच वेळ डिस्क गरम ठेवते, तिला तिचं काम संपवू द्या. कॉनहोस्ट कुठल्याही काळ्या कमांड विंडोबरोबर येतो. रनटाइमब्रोकर स्टोअरच्या अ‍ॅप्सच्या परवानग्या बघतो. कॉम सरोगेट, म्हणजे डीएलएलहोस्ट, फोटोंचे थंबनेल बनवताना वगैरे दिसतो आणि जातो, एकदोन असतील तर काही नाही, पण फोल्डर उघडलेला नसताना एकदम डझनभर डीएलएलहोस्ट मेमरी खात बसले असतील तर मात्र बघा, २०१४ मधला पॉवेलिक्स नावाचा मालवेअर असाच दिसायचा, डिस्कवर फाइल न ठेवता रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून) चालायचा आणि डीएलएलहोस्टमध्ये शिरायचा.

ही यादी माहीत असणं अजून एका कारणासाठी गरजेचं आहे. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" म्हणून फोन करणारे ठग इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या नोंदवहीतल्या) लाल खुणा आणि सर्व्हिसेसच्या यादीत स्टॉप्ड लिहिलेल्या ओळी दाखवून भीती घालतात. निरोगी कॉम्प्युटरमध्येसुद्धा त्या लाल खुणा आणि स्टॉप्ड सर्व्हिसेस असतातच. घरातल्या मोठ्यांना हे आवर्जून सांगा.

सही

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये ऑप्शन्समधून व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स चालू करा, प्रत्येक प्रोसेससमोर व्हेरिफाइड आणि सही करणाऱ्याचं नाव येतं. विंडोजच्या प्रोसेसवर मायक्रोसॉफ्ट विंडोज किंवा तसंच नाव येणार. इथे दोन कॉलममध्ये गल्लत करू नका, कंपनी नेम हा कॉलम म्हणजे फाइल बनवणाऱ्याने आत लिहिलेला मजकूर, तिथे कुणीही मायक्रोसॉफ्ट लिहू शकतं, भरवसा फक्त व्हेरिफाइड सायनरवर.

काही जण फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स हा टॅब शोधतात आणि तो दिसला नाही की फाइल खोटी समजतात. नोटपॅडसारख्या विंडोजच्या कितीतरी खऱ्या फाइलींवर तो टॅब नसतोच, कारण त्यांची सही फाइलमध्ये नसून वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते. प्रोसेस एक्सप्लोरर कॅटलॉग पण तपासतो, म्हणून त्याचं ऐका.

सही म्हणजे शंभर टक्के हमी नाही हे पण खरं. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या मालवेअरचे ड्रायव्हर रिअलटेक आणि जेमायक्रॉन यांच्या चोरलेल्या सर्टिफिकेटनी सही केलेले होते. २०१७ मध्ये सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करायच्या टूलच्या खऱ्या, सही असलेल्या ५.३३ व्हर्जनमध्येच मालवेअर घुसवलेला निघाला. पण तुमच्या-माझ्या कॉम्प्युटरवर येणारा रोजचा मालवेअर बहुतेक वेळा एवढ्या तयारीने येत नाही, त्यामुळे विंडोजचं नाव आणि सही नाही, हा अजूनही सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

त्याच ऑप्शन्स मेनूत व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या साइटची तपासणी आहे, ती चालू केली की प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, व्हायरसटोटलला जातो आणि सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसपैकी कितींनी तिला वाईट म्हटलं ते दिसतं. फक्त हॅश जातो, फाइल नाही. एखाद-दुसऱ्या अनोळखी इंजिनने आरडाओरडा केला आणि बाकी सगळे गप्प असतील तर बहुतेक ती चूक असते, पंधरा-वीस जण एकच गोष्ट म्हणत असतील तर वाद नको. फाइल स्वतः अपलोड करताना मात्र विचार करा, तिथे टाकलेली फाइल इतर संशोधकांना डाउनलोड करता येते, म्हणून स्वतःची कागदपत्रं तिथे टाकू नका.

प्रोग्रॅम खरा, काम खोटं

आजकाल हा प्रकार फार वाढलाय आणि इथेच पत्ता, स्पेलिंग, सही, तिन्ही तपासण्या पास होतात. पॉवरशेल, एमएसएचटीए, डब्ल्यूस्क्रिप्ट, रनडीएलएल३२, रेगएसव्हीआर३२, हे सगळे विंडोजचे स्वतःचे प्रोग्रॅम आहेत आणि मालवेअर त्यांच्याकडूनच काम करून घेतो. इथे फक्त कमांड लाइन खरं बोलते. पॉवरशेलपुढे विंडो हिडन असं लिहिलेलं आणि मग एनकोडेड कमांड आणि पुढे अर्थ न लागणारी लांबलचक अक्षरं, तर तुम्ही स्वतः तसं काही चालवलेलं नसेल तर ती धोक्याची खूण आहे. रनडीएलएल३२ पुढे टेम्प किंवा अ‍ॅपडेटामधल्या डीएलएलचा पत्ता, एमएसएचटीए पुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता, हेही तसंच. आणि झाडात वर्ड किंवा एक्सेलच्या खाली पॉवरशेल दिसला तर जवळजवळ नक्कीच त्या डॉक्युमेंटमध्ये काहीतरी घाण होती.

२०२४ पासून एक पद्धत जोरात आहे, वेबसाइट म्हणते "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा", आणि त्यासाठी विंडोज आणि आर दाबून कंट्रोल व्ही करून एंटर मारायला सांगते. तिने आधीच तुमच्या क्लिपबोर्डवर पॉवरशेल किंवा एमएसएचटीएची कमांड टाकलेली असते आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता. कुठलाही खरा कॅप्चा रन बॉक्स उघडायला सांगत नाही, कधीच नाही.

वागणूक पण बघा. गेम चालू नाही, काही एडिट करत नाही, तरी सीपीयू किंवा ग्राफिक कार्ड भरलेलं, आणि टास्क मॅनेजर उघडला की पंखा लगेच शांत, तर काही क्रिप्टो मायनर (तुमच्या कॉम्प्युटरवर चोरून डिजिटल नाणी कमावणारे मालवेअर) नेमकं असंच करतात, टास्क मॅनेजर दिसला की थांबतात. अशा वेळी प्रोसेस एक्सप्लोररची फाइल नाव बदलून चालवून बघा.

संशय पक्का झाला तर

आधी नेट बंद करा, वायफाय ऑफ किंवा केबल काढा. मग त्या प्रोसेसचा पत्ता आणि कमांड लाइनचा मोबाइलने फोटो काढून ठेवा, नंतर लागतो. नुसतं एंड टास्क करून उपयोग होत नाही कारण मालवेअरची जोडी असते, एक मेला की दुसरा त्याला उठवतो. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये सस्पेंड आहे, त्याने प्रोसेस मरत नाही, नुसती गोठते, आणि जोडीदाराला कळत नाही. मात्र हे विंडोजच्या मूळ प्रोसेसवर करू नका.

मग ते परत सुरू कुठून होतं ते शोधा. त्यासाठी सिसइंटर्नल्सचंच ऑटोरन्स, अ‍ॅडमिन म्हणून चालवा, ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि सह्यांची तपासणी चालू करा, उरलेली यादी छोटी असते आणि शेड्यूल्ड टास्क, रन की (लॉगिनबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची रजिस्ट्रीतली नोंद), सर्व्हिसेस सगळं एका जागी दिसतं. संशयित नोंदीची आधी फक्त टिक काढा, डिलीट नको, म्हणजे चुकलं तर परत लावता येईल. विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन एक्सक्लूजन्सची यादी पण बघा, बरेच मालवेअर पहिलं काम हेच करतात, स्वतःच्या फोल्डरला डिफेंडरच्या तपासणीतून वगळतात. तुम्ही न टाकलेली नोंद असेल तर काढा.

त्यानंतर व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमधल्या स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच स्कॅन होतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात, आणि मालवेअर तेव्हा चालूच नसल्यामुळे त्याला लपता येत नाही. दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर आहे, तो डाउनलोड केल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून जुना पडून असलेला वापरू नका, नवीन घ्या.

पासवर्ड बदलायचेत, पण त्याच कॉम्प्युटरवरून नाही, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. ईमेलचा सगळ्यात आधी, मग बँक, मग बाकी. आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, कारण माहिती चोरणारे मालवेअर ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकीज पण नेतात आणि नुसता पासवर्ड बदलून ती चोरलेली लॉगिन बंद होईलच असं नाही.

आणि प्रोसेस अ‍ॅडमिन अधिकाराने चाललेली असेल, किंवा साफ करूनही तेच नाव परत परत येत असेल, तर साफसफाईत दिवस घालवू नका, विंडोज नव्याने टाका. इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवा. बॅकअप घेताना फोटो, डॉक्युमेंट, एवढंच घ्या, ईएक्सई, स्क्रिप्ट, झिपमधले इन्स्टॉलर काहीही नको, ते सगळे मूळ साइटवरून परत डाउनलोड करा. आणि विंडोज नवीन झाल्यावर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स आधी चालू करा, ते डिफॉल्टने लपलेलं असतं, त्यामुळे शेवटी डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई असलेली फाइल तुम्हाला नुसती पीडीएफ म्हणून दिसते, आणि बहुतेक वेळा सगळं तिथूनच सुरू झालेलं असतं.